साडेसहा फुटी वाण

दाजी, तुमचं रीळ आत्ताआत्तापर्यंत माझ्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानात, टेबलावर होतं. जळालेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि वार्निशचा डबा यांच्या मधोमध, तुम्ही दिलेल्या त्याच कापडी पिशवीवर ठेवलेलं. गिऱ्हाइकाची नजर आधी तिकडंच जायची. एकदा अर्धापूरचा एक केळीवाला पंपाची मोटार टाकायला आला. त्यानं ते हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि विचारलं, "हे कशाचं हाय हो?" मी म्हणालो, "मासे धरायचं. आमच्या दाजींचं." "मग ह्याच्यावर दोरी का न्हाई?" आता त्याला काय सांगणार? मी त्याच्या मोटारीचं झाकण उघडायला लागलो.

दोरी नव्हती, कारण आपलं ठरलं नव्हतं.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. उदगीरला दुकानाचं शटर वर करता करता तुम्ही पायरीवर बसलात, आणि तुमचा नागेश चहा सांगून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. लोक तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात. "किराणा दुकानदार असून माणूस सरळ होता," असं एक जण माझ्यासमोर म्हणाला. तुम्ही ते ऐकून हसला असतात आणि त्याला पुढच्या वेळी मुद्दाम दोन दाणे जास्त मोजले असतेत. त्या बोलण्यात मला भर घालायची नाही. माझं तुमच्याकडं एक काम अडकलंय, तेवढंच बोलायचंय.

धोंड्याचं वाण. तीन वर्षांनी अधिक महिना येतो, सासरवाडीचे लोक लेकीला न जावयाला बोलावतात, पाटावर बसवून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि वाण देतात. आईबाबा गेल्यापासून ते माझ्याकडं आलं. मागच्या धोंड्याला मी तुम्हाला चिडवलं होतं, की आपण शंकराची माणसं, धोंडा विष्णूचा, तुम्हाला कशाला पाहिजे वाण? तुम्ही तिसरा धोंडा तुपात बुडवत म्हणालात, "देव कुणाचा का असंना, जावई तर तुमचाच हाय." ह्या वेळी मात्र तुम्ही दिवाळीपासूनच सांगून ठेवलं होतं. कपडे नकोत, अंगठी नको, तांब्याचं भांडंही नको. रीळ तुम्ही स्वतःच घेतलं होतं. त्याला शोभेल असा रॉड आणि त्याच्यावर भरायची दोरी मी द्यायची. धोंडा लागायच्या आठवडाभर आधी तुम्ही गेलात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो मी ह्या वर्षी पाहिला.

रीळ तुम्ही मला न विचारता घेतलंत, हा माझा पहिला राग. मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिलात आणि मागवून मोकळे झालात. माझ्याकडचं साधं रीळ दांड्याखाली लटकतं, त्याची चकरी जागची हलत नाही, गळ फेकला की दोरी वेटोळ्यांनी आपोआप सुटते. लहान मूलही फेकू शकतं. तुमचं हे बेटकास्टिंग रीळ दांड्याच्या वर बसतं. त्यात फेकताना चकरीच गरागरा फिरते, आणि ती किती फिरू द्यायची हे तुमच्या अंगठ्यानं ठरवायचं. अंगठा उचललेलाच राहिला तर गळ पाण्यात पडून थांबतो, पण चकरी थांबत नाही. मग आतल्या आत दोरीचा असा गुंता होतो की बघवत नाही. मी हे सगळं फोनवर समजावून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "आयुष्यभर तराजूला अंगठा लावला न्हाई मन्मथ, आन आता तू लाव म्हणून राहिलास."

आणि मग तुम्ही ते केलंत जे फक्त उदगीरचा किराणा दुकानदार करू शकतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. रिळावर पोती शिवायचा पांढरा दोरा भरलात, "दोरा तो दोरा" म्हणून. वर बसायचं रीळ माझ्या जुन्या रॉडला खालून लटकवलंत. आणि टोकाला काय बांधलंत? तराजूचं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन! गच्चीवर उभं राहून फेकलंत, तर ते शेजारच्यांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांत जाऊन पडलं. आमची अक्का सांगत होती, तुम्ही गच्चीवरून इतक्या आनंदानं ओरडलात की तिला वाटलं साप निघाला. मला लगेच फोन: "जमलं रे! काय अवघड न्हाई ह्यात. तू नाहक भिववलंस."

जमलं, कारण पन्नास ग्रॅमचं पितळ. ते दोऱ्याला ओढतच नेतं, चकरीला रेंगाळायला वावच देत नाही. चकरी रोखणारा ब्रेकचा नट तुम्ही सैल करून ठेवला होता, तरी गुंता झाला नाही. मग आपण लिंबोटीच्या धरणावर भेटलो, तुमच्या न माझ्या गावाच्या मधोमध, नेहमीच्या बाभळीखाली. तुम्ही माशाला भुलवायचा तो रबरी बेडूक लावलात, मूठभरही नाही एवढासा, आणि पितळ फेकायच्या ताकदीनं फेकलात. बेडूक पुढं चार हातांवर पडला. रिळातून पोत्याच्या दोऱ्याचा एवढा पुंजका वर आला, की काठावर जाळं सुकवत बसलेला भोई उठून बघायला आला. बघून म्हणाला, "सावकार, हे घरटं आता पाखराला देऊन टाका." ब्लेडनं कापून काढावं लागलं सगळं. तुम्ही एका शब्दानं रागावला नाहीत. रीळ पुसलंत, पिशवीत घातलंत, पिशवी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तू आयुष्यभर तारा भरून राहिलास. तूच भर."

तिथून आपला वाद सुरू झाला.

माझं म्हणणं सरळ होतं. पहिलंच रीळ, तर दोरी साधी नायलॉनची, आपण तंगूस म्हणतो तीच भरायची, पॉइंट पस्तीस मिलिमीटरची. ती जराशी जाड असते, ताठ असते, गुंता झाला तरी नखानं, सुईनं सोडवता येतो. विणलेली दोरी मऊ, बारीक आणि ताकदीची, हे मला मान्य. पण मऊ दोरी जोरात ओढली की चकरीवरच्या खालच्या थरात घुसते, आणि पुढच्या फेकीला तिथंच अडकते. मोटारीतसुद्धा एक वेढा दुसऱ्यात घुसला की कॉईल जळते, हे मी रोज बघतो. आणि नुसती चकरीवर बांधली तर ती सगळीच्या सगळी गोल घसरत राहते. नवशिक्यानं तिच्या वाटेला जाऊ नये. रॉड साडेसहा फुटी, मधल्या ताकदीचा. पकडायला खाली बंदुकीसारखा घोडा असलेला, दोरीच्या कड्या वरच्या बाजूला असलेला, ह्याच रिळासाठी केलेला. त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं किती वजन फेकायचं ते; आपल्या बेडकाचं वजन त्यात मधोमध बसलं पाहिजे. इतकं ऐकून तुम्ही म्हणालात, "वजनाचं मला सांगू नको."

तुमचं म्हणणंही सरळच होतं, हे आज कबूल करायला मला काही वाटत नाही. कारण ते मी तेव्हाही कबूल केलं होतं, तुम्हीच ऐकून घेतलं नाहीत. तुम्हाला मरळ हवी होती. मरळ कडेच्या शेवाळात, पाणवनस्पतीत लपते, बेडकावर झडप घालते आणि खाली गवतात शिरते. तिला तिथून उपसायचं तर तंगूस ताणला जातो, रबरासारखा खेळतो. विणलेली दोरी ताणली जातच नाही. आणि वर काढायला सात फुटी, दणकट रॉड पाहिजे. हे सगळं बरोबर. फक्त ते दुसऱ्या रिळाबद्दल होतं, आणि तुमचं तर पहिलंच होतं. मी म्हणायचो, आधी फेकायला शिका, मरळ कुठं पळून चाललीय? तुम्ही म्हणायचात, "वय बघ माझं. मी काय पयल्या रिळावर म्हातारा होऊ?"

आता हे वाक्य रोज आठवतं. तेव्हा मी हसलो होतो.

गंमत बघा, मरळ मिळाली असती तरी तुम्ही काय केलं असतंत? गळ्यात लिंग, घरात लसूणसुद्धा सोमवारी बंद. आपण दोघंही धरलेला मासा गळातून सोडवून परत पाण्यात सोडायचो. भोई हसायचे. "खायाचं न्हाई तर कशाला धरता सावकार?" तुम्ही म्हणायचात, "बघाया." अक्कानं मात्र ते कधी पचवलं नाही. तुमचा रॉड घरात यायचा नाही, दुकानात तुरीच्या पोत्यांमागं राहायचा. "मुक्या जिवाच्या तोंडात लोखंड घालता आन वर म्हणता सोडून देतो," असं ती म्हणायची. म्हणून लिंबोटीला जाताना आपण तिला मुखेडला माल बघायला जातो म्हणून सांगायचो. तिला सगळं ठाऊक होतं.

पण हे सगळं सुरू कशामुळं झालं, ते आपण कधीच बोललो नाही. बाबा गेले तेव्हा मी दुकान बंद करून रोज नांदेडला गोदावरीच्या काठावर जाऊन बसायचो, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. हातात रॉड असायचा, पण गळाला काही लावलेलं असायचंच असं नाही. समजवायला सगळे येऊन गेले. शेवटी अक्कानं तुम्हाला उदगीरहून पाठवलं, मेहुण्याला भानावर आणा म्हणून. तुम्ही आलात, चपला काढून माझ्या शेजारी मांडी घातलीत. मला वाटलं, आता उपदेश सुरू होणार. तुम्ही माझ्या रॉडकडं पाहिलंत. मग तुम्ही विचारलंत, "दुसरा हाय का?" मी म्हणालो, "काय?" "तसला दांडा." मासा पाहिला की तोंड फिरवणारा माणूस तो. मी दिला. तुम्ही तो दिवसभर धरून बसलात, आणि संध्याकाळी कपडे झटकत एवढंच म्हणालात, "उद्या किती वाजता यायचं?"

आठवडाभर तुम्ही असेच आलात. तिकडं दुकान नोकरावर सोडून. एक दिवस मी सकाळी उठलो आणि आपोआप दुकानाच्याच वाटेला लागलो. तुम्ही काठावर माझी वाट बघून दुकानात आलात, जळालेल्या मोटारींकडं बघत चहा प्यायलात आणि दुपारच्या गाडीनं गेलात. दाजी, त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हणालो नाही. जावयाचे आभार मानायची आपल्यात पद्धत नाही, त्याला मान देतात, आणि मान मी दर धोंड्याला दिला. पण आभार राहिले. तुम्ही त्या आठवड्यात मला वाचवलंत, हे मी आज म्हणतोय.

आपलं शेवटचं बोलणं रॉडवरूनच झालं. फोनवर पाठीमागं तुमच्या दुकानात कुणीतरी साबुदाणा मागत होतं.

"धोंडा लागला की घेऊन ये. सात फुटी."

"साडेसहा आणीन."

"मग वाण परत पाठवीन मी."

"पाठवा."

तुम्ही हसलात, मीही हसलो, आणि तुम्ही साबुदाणा मोजायला गेलात.

तुम्हाला समाधीत बसवलं तेव्हा मी जवळ उभा होतो. मांडी घातलेली, पाठ ताठ, तळहातावर लिंग. लोक रडत होते आणि मला लिंबोटीचा काठ आठवत होता, कारण तिथंही तुम्ही अगदी असेच बसायचात. मी तेव्हा रडलो नाही. दुकानात येऊन रीळ दिसलं तेव्हा रडलो, गिऱ्हाईक समोर असताना.

तुमचे दिवस झाल्यावर मी रीळ घेऊन उदगीरला गेलो. नागेशच्या हवाली करावं, दुकानात पोत्यांमागं ठेवावं, असा विचार होता. अक्का न्हाणीच्या दारात बसली होती, पुढ्यात परात, परातीत तूरडाळ, आणि हात डाळीत नुसताच ठेवलेला. नागेश हळूच म्हणाला, दिवसभर अशीच बसते, निवडलेलीच डाळ पुन्हा पुढं घेते. तिनं माझ्या हातातली पिशवी पाहिली.

"ह्यांचं रीळ का?"

"हाव. नागेशकडं देतो."

"भरलंस का?"

"न्हाई. आमचं ठरलंच न्हाई."

"ठाऊक हाय मला. जेवताना तेच. मन्मथ ऐकंना, मन्मथ ऐकंना." मग म्हणाली, "धोंडा चालू हाय न्हवं? वाण कुठं हाय?"

आमच्या आत्या तिथंच जपाची माळ घेऊन बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "आता कशाचं वाण बाई? जोडपं ऱ्हायलं का?"

अक्कानं डाळीतून हात काढला. "आत्या, मागल्या धोंड्याला पाटावर दोघं बसलो होतो. ह्यांना धोतर दिलं, मला लुगडं दिलं. वाण दोघांचं असतंय. माझं अर्धं कुठं गेलं?"

"अगं, दांडा अर्धा करून कसा देईल त्यो?"

"मग सगळा द्यायला सांगा त्याला."

आत्यांनी माळ कपाळाला लावली आणि पुन्हा जप सुरू केला. मी अक्काकडं बघत राहिलो. जिनं आयुष्यभर तुमचा रॉड घरात येऊ दिला नाही, ती अक्का. मी म्हणालो, "तू काय करशील त्याचं?" ती म्हणाली, "ते तिथं जाऊन काय करायचे, ते बघायचं हाय मला. गळ न्हाई लावायचा. लोखंड मी कुणाच्या तोंडात घालणार न्हाई. नुसतं फेकायचं. शिकव." आणि परत डाळीत हात घातला, पण ह्या वेळी खडे वेचायला लागली.

निघताना नागेशनं मला पायरीवर गाठलं. त्याच पायरीवर. "मामा, आप्पांना सात फुटीच पाहिजे होता बघा. आन विणलेली लाईन. त्यांची शेवटची इच्छा समजा." त्याचं चुकीचं नव्हतं. लेकानं दुसरं काय म्हणावं?

तारेच्या खरेदीला मी हैदराबादला जातोच, तसा गेलो. तिथल्या त्या दुकानात दोन्ही रॉड हातात घेऊन उभा राहिलो. सात फुटी झकास होता, दाजी. टोक ताठ, मूठ लांब, कार्बनचा असून पोलादाचा वाटावा. तुमच्या सहा फुटी देहाला शोभला असता, आणि मरळ आली असती तर शेवाळासकट वर आली असती. साडेसहा फुटी हलका होता, टोकाकडं वाकणारा, बारा-पंधरा ग्रॅमसाठी केलेला. मेलेल्या माणसाशी वाद घालणं अवघड. तो उत्तर देत नाही आणि हरतही नाही. तुमची शेवटची इच्छा एका हातात आणि अक्काचा आखूड हात डोळ्यांसमोर. सात फुटीनं तिचं मनगट पहिल्याच दिवशी दुखलं असतं. विणलेल्या दोरीचा पहिलाच गुंता तिला ब्लेडनं कापावा लागला असता, आणि मग तिनं रॉड पोत्यांमागं ठेवून पुन्हा परात पुढं घेतली असती. मला त्याचीच भीती होती. रॉडचं काय, हौसेला मोल नसतं, नंतर सात फुटीही आणता येईल. पण तिचं मन पहिल्या दिवशी मोडलं तर ती पुन्हा उठायची नाही.

दुकानदारानं विचारलं, "पहला रील है क्या? किसके वास्ते?" मी म्हणालो, "बहन के वास्ते." त्यानं माझ्या डाव्या हातातला सात फुटी न विचारता काढून घेतला आणि जागेवर ठेवला.

म्हणजे वाद मी जिंकलो. पण समोर तुम्ही नाहीत, तोंड वाकडं करायला कुणी नाही, तर त्या जिंकण्यात काय राम? खरं सांगतो, तुम्ही असता तर आयत्या वेळी मी सात फुटीच आणला असता. दर वेळी जावयाचंच ऐकायचं असतं, आणि मीही शेवटी तेच करत आलो होतो. तुम्हालाही ते माहीत असणार, म्हणूनच इतके निवांत हसत होतात.

तंगूस भरायला दोन माणसं लागतात. एकानं पेन्सिलीवर दोरीची गुंडी धरायची आणि दुसऱ्यानं रीळ फिरवायचं. ते तुम्ही माझ्या दुकानात येऊन धरणार होतात. अक्कानं धरली, स्वयंपाकघरात, जमिनीवर बसून. रॉड घरात आला, दाजी, थेट चुलीपर्यंत. मी दोरी ओल्या फडक्यातून ओढून घेत होतो, वेढ्याला वेढा घट्ट बसावा म्हणून. काठापर्यंत भरायची नाही, जरा खाली सोडायची, नाहीतर ओसंडते. अक्का म्हणाली, "डब्यात पीठ भरतो तसं." मी म्हणालो, "हाव, तसंच." मग बेडूक बांधला, त्याच्या पोटाखालचे दोन्ही गळ पकडीनं कापून टाकले, आणि तिला ब्रेकचा नट आवळायला शिकवलं. बटण दाबलं की बेडूक सावकाश खाली आला पाहिजे, आणि तो जमिनीला टेकला की चकरी थांबली पाहिजे. तिनं ते इतक्या वेळा करून पाहिलं की नागेशला हसू आलं. घरात त्या दिवसानंतर पहिल्यांदा कुणी हसत होतं.

धोंडा सरायच्या आत, काल सकाळी आम्ही लिंबोटीला गेलो. नागेशनं गाडी आणली होती. पाणी खाली गेलंय, काठाला चिखलाच्या भेगा पडल्यात, आपली बाभूळ पाण्यापासून लांब पडलीय. तो भोई होता. त्यानं अक्काकडं पाहिलं, रिळाकडं पाहिलं आणि टोपी काढून बाजूला झाला.

अक्कानं पदर खोचला. अंगठा चकरीवर ठेवला. मी मागून सांगत होतो, हळू, नुसतं मनगट, बेडूक पाण्यावर यायला लागला की अंगठा टेकव. तिनं फेकलं. अंगठा विसरली. खर्रकन गुंता वर आला.

मी रॉड घ्यायला हात पुढं केला. पण तिनं रॉड मांडीवर आडवा घेतला, केसातली पिन काढली आणि एक-एक वेढा सोडवायला बसली. डाळ निवडायला बसते तशी, मान खाली घालून, कसलीही घाई न करता. तंगूस सुटत गेला. सोडवता सोडवता तिनं विचारलं, "ह्यांचं पयल्या दिवशी असंच झालं होतं का?"

"ह्याच्यापेक्षा लई वाईट."

"मग ते काय म्हणाले?"

"रागावले न्हाईत. रीळ पुसलं न माझ्याकडं दिलं."

तिनं डोळे पुसले, आणि मग त्याच पदरानं रीळ पुसलं. पण माझ्याकडं दिलं नाही. उठली आणि पुन्हा फेकलं. ह्या वेळी अंगठा टेकला. बेडूक फार लांब नाही, पण सरळ गेला आणि हलकेच पाण्यावर पडला. ती त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिली. गुंडाळून घेतलं, पुन्हा फेकलं. ऊन चढेपर्यंत तेच चाललं होतं. गाडीत बसताना तिनं चपला झटकल्या आणि मला विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?"

मी नांदेडला परत जाणार होतो. आज मोटारी द्यायच्या होत्या. मी तिला म्हणालो, सहाला.

तर दाजी, वाण दिलं. साडेसहा फुटीच दिलं, तंगूस भरून. तुम्ही म्हणाला होतात परत पाठवीन. पाठवा. मी वाट बघतो.